रिकाम्या ओळीपासून चेन्नईच्या चिपपर्यंत

वेब सर्व्हर म्हटलं की थंडगार खोलीत घोंघावणारी कपाटं आठवतात. मुळात सर्व्हर हा एक छोटा प्रोग्राम! ब्राउझर चार ओळी पाठवतो: ‘गेट’, पानाचा पत्ता, होस्टचं नाव वगैरे. मग एक रिकामी ओळ. ती दिसली की मागणी संपली, उत्तर सुरू. गंमत म्हणजे प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हं असतात. छपाईचं डोकं डावीकडे न्या, कागद वर सरकवा, ही टेलिप्रिंटरच्या जमान्यातली आज्ञा २०२० नंतरही सुरूच आहे.

आणि फ्रेमवर्क? कोणता पत्ता आला की कोणतं फंक्शन चालवायचं, याचा तक्ता. बाकीचा पसारा त्याभोवतीचा.

हे सगळं सी भाषेत लिहिलं तर वेग झकास, पण मेमरीची राखण तुमच्या गळ्यात. २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ या त्रुटीनं जगाची झोप उडवली, कारण ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीत एक लांबी तपासायची राहून गेली होती. समोरचा सांगेल तेवढी मेमरी, एका वेळी ६४ केबीपर्यंत, सर्व्हर बिनबोभाट देऊन टाकायचा!

रस्ट भाषा असल्या बऱ्याच चुका कंपाइल करतानाच अडवते किंवा प्रोग्राम तिथल्या तिथे थांबवते. तिचा जनक ग्रेडन होअर. २००६ मध्ये व्हँकुव्हरला त्याच्या इमारतीतली लिफ्ट सॉफ्टवेअर कोसळल्यानं बंद पडली आणि २१ मजले चढता चढता त्याच्या डोक्यात हा किडा शिरला. रस्टच्या अधिकृत पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात वाचक स्वतः वेब सर्व्हर बांधतो, तोही कोणत्याही तयार फ्रेमवर्कशिवाय. शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. त्या सर्व्हरचा पोर्ट ७८७८. जुन्या बटणांच्या फोनवर ‘रस्ट’ टाइप करून बघा, हाच आकडा येतो.

आता हा सर्व्हर ज्यावर चालतो त्या चिपकडे, म्हणजे चेन्नईकडे. आयआयटी मद्रासमध्ये प्रा. व्ही. कामकोटी यांच्या चमूनं ‘शक्ती’ प्रोसेसर घडवला, रिस्क-फाइव्ह या खुल्या आराखड्यावर. २०१८ मध्ये एक चिप इंटेलच्या २२ नॅनोमीटर तंत्रावर उतरली, तर ‘रिमो’ ही दुसरी चंडीगडजवळच्या सेमीकंडक्टर लॅबमध्ये, १८० नॅनोमीटरवर. या चमूच्या डेव्हलपमेंट प्रणालींची नावंही दणदणीत: पिनाक, परशु, वज्र!

शक्तीच्या सी-वर्गातल्या प्रोसेसरवर लिनक्स चालतं आणि त्याची रचना कुणालाही वाचायला खुली आहे. रस्टचा कंपायलर रिस्क-फाइव्हसाठीही कोड काढून देतो. म्हणजे ती रिकामी ओळ ओळखणाऱ्या फंक्शनपासून ते फंक्शन चालवणाऱ्या प्रोसेसरच्या पाच टप्प्यांच्या पाइपलाइनपर्यंत सगळं उघडून वाचायची सोय चेन्नईनं करून ठेवली आहे.