नक्षी शाबूत, टायर म्हातारा

मोटारहोमचा टायर झिजण्याआधीच म्हातारा होतो. गाडी महिनोन्‌महिने एका जागी उभी, आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी. नक्षी नव्यासारखी दिसते, पण वाकून पाहिलं तर बगलेवर बारीक चिरा सापडतात.

त्यामुळे नवा टायर घेताना आधी त्याच्या अंगावरचा डीओटी क्रमांक वाचावा. शेवटचे चार आकडे ‘२३२४’ असतील, तर तो २०२४च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. गोदामात पडून राहिलेला ‘नवाकोरा’ माल इथेच पकडला जातो.

युरोपात फियाट डुकाटोवर बांधलेल्या मोटारहोमना २२५/७५ आर १६ सीपी ११६ हे माप सर्रास दिसतं. ‘सीपी’ म्हणजे खास कॅम्पर गाड्यांसाठीची दणकट बांधणी. ११६ हा भारांक: पुरेशी हवा असताना एका टायरला १,२५० किलो, म्हणजे जोडीला २,५००. मागच्या आसावर खरा भार किती, हे मात्र भरल्या गाडीनिशी वजनकाट्यावर गेल्याशिवाय कळत नाही. मागे दोन सायकली टांगल्या की अंदाज हमखास चुकतो. पैसे वाचवायला कमी भारांकाचा टायर घेणं हा निव्वळ वेडेपणा.

जर्मनीत बर्फाळ रस्त्यांसाठी आणखी एक अट आहे. टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह हवं. नुसती ‘एम प्लस एस’ ही अक्षरं ऑक्टोबर २०२४पासून चालत नाहीत.