तीन खुर्च्या, तीन लढती

२१ डिसेंबर २०२४ला रियाधमध्ये ओलेक्झांडर उसिकने टायसन फ्युरीला पुन्हा हरवलं आणि फ्युरीला तो निकाल पुन्हा पटला नाही, इथवर सगळ्यांनी वाचलंच आहे. तिन्ही पंचांचे गुण सारखेच होते: ११६-११२. व्यावसायिक मुष्टियुद्धात एवढं एकमत झालं की खरं तर पेढे वाटायला हवेत. पण गाजला तो चौथा पंच, कृत्रिम बुद्धिमत्तेचा. प्रयोग म्हणून बसवलेला, निकालात ज्याचे गुण धरायचेच नव्हते असा. त्याने ११८-११२ दिले, आणि यंत्राला उसिक माणसांपेक्षाही जास्त आवडला अशी चर्चा सुरू झाली.

जरा बेरीज करून बघा. फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९, म्हणजे बारा फेऱ्यांचे दोघांचे मिळून २२८. पंचांची बेरीज तेवढीच येते: उसिकला आठ फेऱ्या, फ्युरीला चार. यंत्राची मात्र २३० येते. हे दोन वाढीव गुण आले कुठून? दोन फेऱ्या १०-१० अशा बरोबरीत सोडल्यामुळे. उसिकला यंत्रानेही आठच फेऱ्या दिल्या. फक्त दोन फेऱ्या कोणीच जिंकल्या नाहीत, हे सांगायला ते बिचकलं नाही.

माझ्या मते त्या रात्रीची खरी बातमी हीच. १०-१० हा आकडा नियमात आहे, पण पंचांच्या पेनातून तो सहसा उतरत नाही. तो लिहिणारा पंच कचखाऊ, असा या धंद्यातला समज. त्यामुळे तीन मिनिटं दोघं एकमेकांचा अंदाज घेत नुसते घुटमळले तरी एकाला १०, दुसऱ्याला ९. आणि एकाने दुसऱ्याला दोरांवर रेटून बडवबडव बडवलं, पण पाडलं नाही, तरी बहुतेक वेळा १० आणि ९च. सहा फेऱ्या केसभर फरकाने घेणारा आणि उरलेल्या सहांत समोरच्याला चोपून काढणारा शेवटी ११४-११४ वर येतात. घरी टीव्हीसमोर आपल्याला जी ‘चोरी’ दिसते, ती बरेचदा या हिशेबातच झालेली असते.

लांब कशाला, वरळीचंच घ्या. ५ ऑगस्ट २०१७ला एनएससीआयच्या डोममध्ये विजेंदर सिंगने चीनच्या झुल्पिकार मैमैतिअलीला हरवलं: ९६-९३, ९५-९४, ९५-९४. दहा फेऱ्यांची बेरीज १९० व्हायला हवी, इथे तिन्हीकडे १८९. कमरेखालच्या ठोशांपायी चिनी खेळाडूचा एक गुण कापला गेला होता. तो कापला नसता तर दोन पंचांकडे ९५-९५ आणि लढत बरोबरीत. पण त्या रात्रीच्या जल्लोषात बेरीज कोण करत बसतो!

अर्थात सगळं खापर गणितावर फोडता येत नाही. त्याच वर्षी १६ सप्टेंबरला लास वेगासमध्ये कनेलो अल्वारेझ आणि गेनाडी गोलोवकिन भिडले. डेव्ह मोरेटींनी ११५-११३ असा गोलोवकिनला कौल दिला, डॉन ट्रेलांनी ११४-११४ दिले, आणि अ‍ॅडलेड बर्ड यांनी कनेलोला ११८-११०. बारापैकी दहा फेऱ्या! नाणं उडवून गुण दिले असते तरी इतका फरक पडला नसता.

अशा वेळी लोक लगेच पैसे खाल्ले म्हणतात, नाहीतर देशप्रेम काढतात. १३ मार्च १९९९ची न्यूयॉर्कमधली लेनॉक्स लुईस-इव्हँडर होलिफील्ड लढत मी त्यासाठीच पुन्हा पुन्हा पाहतो. ठोसे मोजणाऱ्यांच्या हिशेबाने लुईसचे ३४८ ठोसे लागले, होलिफील्डचे १३०. पाचव्या फेरीत तर ४३ विरुद्ध ११. अमेरिकी पंच युजिनिया विल्यम्स यांनी ती फेरीसुद्धा होलिफील्डला दिली आणि लढतही, ११५-११३. इथवर देशप्रेमाचा सिद्धांत चालतो. पण दक्षिण आफ्रिकेच्या स्टॅनली ख्रिस्तोदुलू यांनी लुईसला जिंकवलं असताना लढत बरोबरीत ढकलली ती लुईसच्याच देशाच्या लॅरी ओ’कॉनेल यांनी. ११५-११५. बेरीज २३०! वर ज्या १०-१०ची मी एवढी तरफदारी केली, तिच्यावर इथे पाणी पडतं, हे कबूल करायला हवं.

पुढे चौकशीत विल्यम्स यांना पाचव्या फेरीचं चित्रण दाखवलं गेलं. टीव्हीवर दिसतंय ते त्या रात्री मला दिसलं नव्हतं, अशा अर्थाचं त्या बोलल्या. लोक हसले. मला मात्र ते पटण्यासारखं वाटतं. पंच रिंगच्या तीन बाजूंना, खाली, मान वर करून बसतात. मध्ये दोर, रेफरीची पाठ, कडेला कॅमेरे घेऊन दाटलेले फोटोग्राफर. ठोसा गालावर बसला की हातमोज्यावर, हे समोरच्या खुर्चीला दिसतं, तुमच्या नाही. संथगतीतलं पुनर्प्रक्षेपण नाही. फेरी संपली की चिठ्ठी द्यायची. मग हात लावता येत नाही. आपण दहा कॅमेऱ्यांनी पाहतो आणि एका खुर्चीला शिव्या घालतो.

म्हणून यंत्र बसवा, असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. खुर्चीचा प्रश्न ते बहुधा सोडवेल. पण स्वच्छ ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगवरची हुकमत आणि बचाव या चार कसोट्यांना वजन किती, हे नियमांतच ठरलेलं नाही. मागे सरकत ठोसे चुकवणारा हुशार की पळपुटा? दोन पंचांचं यावर जमत नाही, तिथे यंत्राला कोणाचं मत शिकवणार? शिवाय पंचांचं मानधन येतं लढत भरवणाऱ्या प्रमोटरच्या खिशातून, ही या खेळातली जुनी दुखरी नस. रियाधचा चौथा पंच आणल्याची घोषणा केली तुर्की अल अलशेख यांनी. ती लढतही त्यांनीच भरवली होती.