नऊ व्होल्टांचे चारशे व्होल्ट

किरणोत्सर्ग मोजणारे गायगर यंत्र हौशी मंडळी घरीही जोडतात. त्यातील नळीला बहुधा ४०० व्होल्टांच्या आसपास विद्युद्दाब लागतो. हाताशी असते ९ व्होल्टांची बॅटरी. मग दाब चढवायचा कसा?

रोहित्र वापरावे, असे कोणीही म्हणेल. पण बॅटरी रोहित्राला नुसती जोडून ठेवली तर दुसऱ्या वेटोळ्यात काहीच उमटत नाही. १८३१ साली मायकेल फॅरडे यांनी लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळली. पहिल्याला बॅटरी जोडताना व तोडताना तेवढी दुसऱ्याच्या तारेजवळची चुंबकसूची हलली; मधल्या वेळात ती स्वस्थ होती. दाब उत्पन्न होतो तो चुंबकत्व बदलले तरच. म्हणजे प्रवाह सारखा तोडला पाहिजे.

हे तोडण्याचे काम आज ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा करतो. जोरात वाहणाऱ्या नळाची तोटी एकदम बंद केली की नळ धाडकन हादरतो ना? तसाच वेटोळ्यातला प्रवाह अडला की दाब एकदम उसळतो. डायोड ही उसळी पुढे जाऊ देतो, मागे येऊ देत नाही. आणि धारित्र, ज्याला दुकानात कंडेन्सर म्हणतात, ती साठवते. एका वेटोळ्यावरही हे काम भागते.

यात फुकट काही मिळत नाही. ९ व्होल्टांवर २० मिलिअँपिअर घेतले तर ०.१८ वॅट शक्ती झाली. तेवढ्यात ४०० व्होल्टांवर ०.४५ मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह मिळणे शक्य नाही; गळती धरता कमीच. गायगर नळी अल्पसंतुष्ट, म्हणून निभावते.

घरात मूल हा खटाटोप करीत असेल तर एवढे ऐकाच. सेल काढला की धोका टळला, ही समजूत खोटी आहे. कॅमेऱ्याच्या जुन्या फ्लॅशमध्ये सेल दीड व्होल्टाचा. पण १०० मायक्रोफॅरडचे धारित्र ३०० व्होल्टांवर भरले की साडेचार ज्यूल ऊर्जा दबा धरून बसते, आणि सेल काढल्यावरही बराच वेळ राहते. असा धक्का जिवावर बेतू शकतो. म्हणून १० हजार ओहमचा, ५ वॅटचा रोधक रबरी मुठीच्या पकडीत धरून धारित्राच्या दोन्ही टोकांना दहा सेकंद टेकवावा, मग मीटरने दाब पाहावा, आणि तो उतरला असेल तरच हात लावावा.