चैत्रातली भीमा आणि बोटभर फ्लोट

सोलापूर, एप्रिल महिना आणि भरून वाहणारी नदी या तीन गोष्टी एका वाक्यात बसतात असं कुणी म्हटलं तर तुम्ही हसाल. साहजिकच आहे. बादली घेऊन रांगेत उभं राहणाऱ्या हॉस्टेलवाल्याला नदी म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातली निळी रेघ! पण सोलापूर शहराच्या पिण्यासाठी उजनीतून भीमेच्या पात्रात पाणी सोडायची पद्धत कित्येक वर्षं चालत आली आहे. नदीची सगळी वळणं घेत ते पाणी आठवडा-दहा दिवसांनी टाकळी आणि औज बंधाऱ्यापर्यंत पोचतं. ज्या वर्षी उन्हाळ्यात असं पाणी सुटतं, त्या वर्षी काल जिथं वाळू आणि दोन-चार डोह होते तिथं आज कमरेएवढी धार लागते. पाऊस नाही, ढग नाही, वर ४० डिग्री ऊन आणि खाली नदी भरलेली.

अशा पाण्यात काठावर गळ टाकून बसणारी माणसं दिसतात. बांबूची काठी, तंगूस, शिशाची एक गोळी, गळाला गांडूळ आणि पाण्यावर नाचणारा एक बोटभर तुकडा. हा तुकडा कधी कडब्याच्या चिपाडाचा असतो, कधी थर्मोकोलचा, कधी फाटक्या स्लिपरच्या रबराचा. इंग्रजीत त्याला फ्लोट म्हणतात, आणि आमच्यासारख्या कॉन्व्हेंटच्या पोरांना दुसरा शब्द येत नसल्याने या लेखात तोच चालवून घ्यावा ही विनंती. माझं म्हणणं एवढंच आहे, की हा फ्लोट म्हणजे माशाची घंटा नाही. ते नदी वाचायचं यंत्र आहे, आणि आपल्या फ्लुइड मेकॅनिक्सच्या पुस्तकातला अर्धा अभ्यासक्रम त्यात बसतो.

आधी सोपं गणित घेऊ. समजा फ्लोटचं आकारमान ५ घन सेंटीमीटर आणि वजन १ ग्रॅम. आर्किमिडीजच्या नियमानं तो पूर्ण बुडाला तर ५ ग्रॅम पाणी बाजूला सारेल, म्हणजे त्याला आणखी ४ ग्रॅम भार झेपेल. त्याला ४ ग्रॅम शिसं बांधलं, तर ते शिसंही थोडं पाणी बाजूला सारतं, त्यामुळे पाण्यात ते साधारण ३.६५ ग्रॅमचंच भरतं. शिल्लक राहिली ०.३५ ग्रॅमची उचल. याचा अर्थ फ्लोटचं नुसतं टोक वर दिसतं, आणि माशानं अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी ओढ दिली की ते टोक गडप! शिसं कमी लावलं तर फ्लोट ऐटीत उभा राहतो खरा, पण माशाला तो बुडवायला जोर लावावा लागतो आणि शंका येऊन तो आमिष थुंकतो. नवशिके फ्लोट छान दिसावा म्हणून शिसं कमी लावतात. (सबमिशनच्या फाईलला रंगीत कव्हर लावण्यातलाच हा प्रकार.)

हे झालं साचलेल्या पाण्याचं. हिप्परग्याच्या तलावावर एवढ्यावर भागतं. नदी भरली की खरी गंमत सुरू होते.

सिव्हिलवाल्यांना आठवत असेल, नदीचा विसर्ग मोजायच्या सगळ्यात जुन्या रीतीत पाण्यावर एखादी वस्तू सोडून ठरावीक अंतर कापायला तिला किती वेळ लागतो ते बघतात, आणि येणाऱ्या वेगाला साधारण ०.८५ नं गुणतात. का? कारण वरचं पाणी पळतं, तळाचं रेंगाळतं. तळाशी दगड, वाळू, मुळं यांच्या घर्षणानं वेग कमी होत जातो. काठाशीही तेच. म्हणजे भरलेली नदी सगळीकडे सारखी भरधाव नसते. मधोमध आणि वर ती एक्स्प्रेस असते, तळाशी आणि कडेला पॅसेंजर.

आता माशाच्या बाजूनं विचार करा. धारेचा वेग दुप्पट झाला की अंगावरचा रेटा चौपट होतो, आणि त्या रेट्यात जागच्या जागी टिकून राहायला लागणारी ताकद आठपट. एवढी ऊर्जा रोज खर्च करायची म्हटली तर आपली मेसही पुरणार नाही! म्हणून पाणी चढलं की मासा मधली धार सोडून काठाला सरकतो. बुडालेल्या वेड्या बाभळीच्या मागं, पुलाच्या खांबाच्या सावलीत, ओढा नदीला मिळतो त्या कोपऱ्यात. शिवाय नुकत्याच भिजलेल्या काठातून किडे, गांडुळं बाहेर पडतात, त्यामुळे जेवणही तिथंच. अमेरिकेत वसंतात नद्या चढतात तेव्हा स्मॉलमाऊथ बास नावाच्या माशामागं लागलेले लोक हेच करतात: मधली धार सोडून देतात आणि दगडांमागचं, काठाजवळचं संथ पाणी शोधतात. आपल्याकडे बास नाही. रोहू आहे, मृगळ आहे, शिंगाळा, मरळ, वाम आहेत, आणि उजनीमुळे सगळीकडे झालेली चिलापी तर आहेच. मासा बदलला तरी पाण्याचे नियम बदलत नाहीत.

पाण्याकडे दहा मिनिटं नुसतं बघा. फेस आणि पालापाचोळा एका रेघेत वाहताना दिसतो. त्या रेघेच्या पलीकडे धार, अलीकडे संथ पाणी. फ्लोट सोडायचा तो याच रेघेच्या अलीकडच्या अंगाला. धारेत वाहून येणारं खाणं मासा इथं उभा राहून उचलतो, हॉस्टेलच्या गेटवर उभं राहून पार्सल घेतल्यासारखं.

पण इथं एक अडचण येते. फ्लोट वरच्या वेगवान पाण्यात आणि गळ तळाच्या हळू पाण्यात. साहजिकच फ्लोट पुढं पळतो आणि आमिषाला मागून फरफटत नेतो. खालचं गांडूळ आजूबाजूच्या पाण्यापेक्षा जोरात चाललंय हे माशाला लगेच अनैसर्गिक वाटतं. जाणती मंडळी काय करतात? तंगूस अलगद ताणून फ्लोटला मागं रोखून धरतात. मग फ्लोट तळाच्या वेगानं चालतो, आमिष त्याच्या थोडं पुढं राहतं आणि माशाला आधी तेच भेटतं. जास्त रोखलं तर मात्र आमिष तळ सोडून वर उचललं जातं, म्हणून वाहत्या पाण्यात फ्लोट आणि गळ यांतलं अंतर खोलीपेक्षा थोडं जास्त ठेवावं लागतं. धारेसाठी फ्लोटही वर जाड, खाली निमुळता हवा. काडीसारखा बारीक फ्लोट रोखला की पाण्याखाली जातो.

खोली मोजायला वेगळं यंत्र लागत नाही. काठाच्या शांत पाण्यात तंगुसाच्या टोकाला तात्पुरतं जड शिसं बांधून टाकायचं. फ्लोट बुडाला तर अंतर कमी आहे, आडवा पडला तर जास्त आहे. दोन-तीन वेळा सरकवलं की तळ कळतो. कोणत्या माशाला किती खोल हे त्याच्या तोंडावरूनच ओळखा: कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरात खातो; मृगळाचं खाली, तो तळाशी; रोहू मधल्या थरात. मृगळानं तळावरून आमिष उचललं की कधीकधी फ्लोट बुडायच्या ऐवजी वर येऊन आडवा होतो, कारण शिशाचा भार माशानं पेललेला असतो. बुडेल म्हणून वाट बघणारा इथं फसतो. आमिषाला गांडूळ उत्तम, नाहीतर शेंगदाण्याची पेंड घालून मळलेली कणीक. शेंगाचटणी आपल्यासाठी, पेंड त्यांच्यासाठी!

आता थोडं गंभीर. हॉस्टेलची मुलं नदीवर जातात, आणि सगळ्यांना पोहता येत नाही. काठ संथ असतो म्हणून मासा तिथं येतो हे खरं, पण त्याच काठावरून दोन पावलं पुढं गेलं की वेग दुप्पट झालेला असू शकतो. वरचं चौपटीचं गणित माशाला लागू आहे तसं आपल्या पायांनाही. त्यातही सगळ्यात वाईट जागा म्हणजे बंधाऱ्याच्या लगेच खालची. भीमेवर कोल्हापूर पद्धतीचे, म्हणजे केटी बंधारे आहेत. (इंजिनिअरिंगच्या मुलांना केटीची भीती सांगायला नको.) वरून पडणारं पाणी पायथ्याशी गोल फिरतं आणि पृष्ठभागावरचं पाणी उलट बंधाऱ्याकडे वाहतं. त्यात सापडलेली वस्तू बाहेर न पडता पुन्हा पुन्हा खाली ओढली जाते. खात्री करायची तर दूरवरून एक लाकूड तिथं वाहत जाताना बघा.

दुसरं म्हणजे क्युसेक. बातमीत आकडा येतो आणि आपण पान उलटतो. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. उन्हाळ्यातलं पाणी काही हजार क्युसेकचं असतं, पण पावसाळ्यात उजनीतून लाखावर क्युसेक सुटलेले आहेत. १ लाख क्युसेक म्हणजे १० हजार लिटरचे २८३ टँकर, दर सेकंदाला! सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेनं काय केलं ते आपल्या जिल्ह्यानं पाहिलंच. हत्तरसंग कुडलला भीमा-सीनेचा संगम आहे, शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेखही तिथंच. तो बघायला पावसाळ्यात जरूर जा, पण गळ खोलीवर ठेवून. तसंही ते दिवस रोहू-कटल्याच्या अंडी घालण्याचे. पोट फुगलेली मादी लागली तर ओल्या हातानं धरून लगेच सोडून द्यावी.

परवानगीचंही बघा. पाण्याच्या बऱ्याच भागांचा मासेमारीचा ठेका मच्छीमार संस्थांकडे असतो, त्यामुळे काठावरच्या भोई-कोळी मंडळींना आधी विचारायचं. खोली, खड्डे आणि निसरडी जागा त्यांच्याइतकी कुणालाच ठाऊक नसते, आणि विचारलं की सहसा फ्लोट कितीवर बांधायचा तेही सांगतात.

आणि बसायच्या आधी पाण्याच्या अगदी कडेला एक काटकी रोवून ठेवा. दर पंधरा मिनिटांनी तिच्याकडे बघायचं. काटकी पाण्यात गेली असेल तर वरून पाणी वाढतंय. मग फ्लोट नाचत असला तरी काठी गुंडाळायची आणि वर यायचं.