रेषा कुठे ओढायची?

टीबीच्या शिबिरात छातीचा एक्स-रे काढायला काही मिनिटं पुरतात. तो वाचणारा रेडिओलॉजिस्ट मिळेपर्यंत मात्र दिवस जाऊ शकतात. म्हणून कृत्रिम बुद्धिमत्ता या कामात लवकर शिरली, ते बरंच झालं. मुंबईच्या ‘क्युअर डॉट एआय’चं ‘क्यूएक्सआर’ किंवा डच बनावटीचं ‘कॅड-फोर-टीबी’ ही सॉफ्टवेअर एक्स-रे मिनिटभरात वाचतात. 15 वर्षं आणि त्यावरील व्यक्तींच्या चाळणी तपासणीत माणसाऐवजी सॉफ्टवेअरनं एक्स-रे वाचला तरी चालेल, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये केली.

पण सॉफ्टवेअर ‘टीबी आहे’ असं सांगत नाही. ते गुण देतं, साधारणपणे 0 ते 100. कितीच्या वर संशयित मानायचं, ती रेषा माणसांनीच ओढायची. यंत्र आलं की निर्णयाची कटकट मिटली, असं साहेबलोकांना वाटतं. इथे तर एक नवाच निर्णय गळ्यात पडतो. समजा, रेषा 60 वरून 40 वर आणली. निसटणारे रुग्ण कमी होतील, पण थुंकी तपासायला पाठवायची माणसं वाढतील. मग प्रत्येकाची चाचणी ‘जीनएक्सपर्ट’वर किंवा गोव्याच्या कंपनीच्या ‘ट्रूनॅट’ यंत्रावर करायची, म्हणजे साहित्य आलं, तंत्रज्ञ आला, पैसा आला. थोडक्यात, संशयित कोण हे काही अंशी प्रयोगशाळेतला साठा ठरवतो. त्यात गैर काही नाही, फक्त ते उघडपणे सांगावं.

दुसरी अडचण जुन्या रुग्णांची. टीबी बरा झाला तरी फुप्फुसावर व्रण राहू शकतात आणि सॉफ्टवेअर त्यांनाही भरघोस गुण देतं. असे लोक जिथे जास्त, तिथे दुसऱ्या देशात ठरलेली रेषा कुचकामी.

रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवा, असं कृत्रिम बुद्धिमत्तेतले ज्येष्ठ संशोधक जेफ्री हिंटन 2016 मध्ये म्हणाले होते. रेषा बरोबर पडली का, हे पाहायला मात्र जाणती नजर लागतेच. सुरुवातीला स्थानिक लोकांचे एक्स-रे आणि त्यांच्या थुंकीचे अहवाल शेजारी ठेवून रेषा पक्की करावी लागते. शिवाय सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती त्याच एक्स-रेला वेगळे गुण देऊ शकते. तेव्हा अपडेट आला की हा खटाटोप पुन्हा करायचा, आणि त्याची तरतूद खरेदीच्या वेळीच करून ठेवायची.