वीस हजारांत मिटवू?

“ताई, पोलिसांचं लफडं नको. वीस हजार देतो, इथंच मिटवू.”

कर्वे रोडचा सिग्नल, जुलै 2023. मागून ठोकणारा टेम्पोवाला माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला. माझं उजवं मनगट भलत्याच दिशेला वाकलेलं आणि मी चक्क विचार करतेय, घ्यावेत का? खोलीचं भाडं थकलं होतं हो! मैत्रिणीने फोनवर झापलं, म्हणून वाचले. ऑपरेशन, प्लेट, स्क्रू धरून बिल वीस हजारांच्या कितीतरी पुढे गेलं.

तरी पहिली माती आम्हीच खाल्ली. कॅज्युअल्टीत दादाने सांगून टाकलं, “घसरून पडली.” का, तर पोलिसांची कटकट नको. दुसऱ्या दिवशी एफआयआर केला, पण केसपेपरवरचं ते वाक्य तसंच राहिलं.

क्लेम मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात लागतो. ड्रायव्हर, मालक आणि विमा कंपनी असे तिघंही समोर. अपघात दुसऱ्या गावी झाला तरी आपण राहतो तिथे दावा करता येतो. 1 एप्रिल 2022 पासून मुदत सहा महिन्यांची आहे. तिला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं गेलंय, पण त्या भरवशावर कृपया झोपू नका.

आता पैशाचं गणित. समजा वय 28, पगार 30 हजार आणि दुखापतीमुळे कमाईची क्षमता 10 टक्क्यांनी घटली. वर्षाचे 3 लाख 60 हजार, गुणिले 17, त्याचे 10 टक्के म्हणजे 6 लाख 12 हजार. हा 17 चा आकडा सुप्रीम कोर्टाने 2009 मध्ये सरला वर्मा केसमध्ये 26 ते 30 वयासाठी ठरवला. उपचारांचा खर्च आणि वेदनांची भरपाई वेगळी. शिवाय सर्टिफिकेटवरची टक्केवारी जशीच्या तशी धरत नाहीत. तुमच्या कामावर काय परिणाम झाला, ते बघतात. तेच मनगट टायपिस्टचं वेगळं, गायकाचं वेगळं.

सही वाटतंय ना? माझं घोडं नेमकं इथंच अडलं. सॅलरी स्लिप नाही, मानधन कधी चेकने, कधी पाकिटात. इन्कम टॅक्स रिटर्न? “पुढच्या वर्षी भरू” म्हणत एकदाही भरलं नव्हतं. वकील मॅडमनी कपाळाला हात लावला. मग संपादकांकडून पत्रं, बँकेची स्टेटमेंट्स, जुने अंक, सगळं गोळा करत फिरले.

उलटतपासणीत विमा कंपनीच्या वकिलांनी आधी तो केसपेपर काढला. “घसरून पडलात, असं लिहिलंय ना?” घशाला कोरड पडली. दादाने घाईत सांगितलं, एवढंच कसंबसं बोलले. मग त्यांनी माझा ताजा लेख पुढे सरकवला. “लिहिताय की अजून! नुकसान कुठंय?” अर्ध्या तासात बोटं बधिर होतात, हे कुठल्या अंकात छापून येतं?

पुढची तारीख लागलीय. हा लेखसुद्धा तिकडे पोहोचेल, म्हणून मॅडमनी तो छापण्याआधी वाचायला मागितलाय.