बिलोरी की साच्यातली?

ठाण्याच्या नौपाड्यात किंवा डोंबिवलीच्या रामनगरात जुनी इमारत पुनर्विकासाला गेली की माळ्यावरचं सामान खाली येतं. तांब्या-पितळेचं गिऱ्हाईक ठरलेलं असतं, सागवानी कपाटाला तर रांग लागते. काचेपाशी आलं की घोडं अडतं. नक्षीची फळांची वाटी, सरबताचे पेले, बुचाचा डिकँटर. घरातलं कोणीतरी ठासून सांगतं, ‘बेल्जियमची आहे’. आपल्याकडे जुनी आणि जड काच बेल्जियमचीच असते! भंगारवाला ती किलोवर मागतो, आणि बहुतेकदा त्याचा हिशेब फारसा चुकत नाही, कारण ती साच्यात दाबलेली असते. पण एखादा नग खराच बिलोरी निघतो.

ही काच मुख्यतः परदेशातूनच यायची. तळेगावात १९०८ मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, कऱ्हाडजवळ ओगल्यांचा १९१६ मध्ये. पण ओगल्यांचं नाव झालं ते प्रभाकर कंदिलाने. मेजावर मिरवायची काच ब्रिटन, बेल्जियम, बोहेमियातून मुंबईच्या बंदरात उतरायची. बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीने तर एकोणिसाव्या शतकातच कलकत्त्याला दुकान थाटून संस्थानिकांना झुंबरं विकली. शिंद्यांच्या ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या मेजावर चांदीची आगगाडी फिरायची आणि तिच्या डब्यांवर काचेचे डिकँटर असायचे. कल्याण-ठाण्याच्या वकील-डॉक्टरांच्या घरी एवढा थाट कुठून असणार? तिथे पानसुपारीच्या समारंभापुरती एखादी गुलाबदाणी किंवा सहा पेले कपाटाबाहेर निघायचे.

बिलोरी नक्षी कापलेली असते. कारागीर फुगवलेलं जाड भांडं फिरत्या लोखंडी चाकावर धरायचा. चाकावर पाणी आणि वाळू पडत राहायची. खाच खोल झाली की दगडी चाकावर ती गुळगुळीत करायची आणि शेवटी लाकडी चाकावर चकाकी आणायची. पुढे चकाकीसाठी आम्लात बुडवायची पद्धत आली. मेहनत वाचली, पण कडांची धार थोडी मवाळ झाली.

म्हणून आधी डोळे नकोत, बोट फिरवा. कापलेल्या पैलूची कड बोटाला लागते, दाबलेल्या नक्षीची कड साबणाच्या वडीसारखी गोलसर असते. मग उभी शिवण शोधा. साच्याचे भाग जुळतात तिथे ती राहते. मात्र शिवण दिसली नाही म्हणून हुरळू नका, ती घासूनही घालवतात. साच्यात फुगवलेल्या भांड्याच्या आतल्या बाजूलाही नक्षीचे उंचसखल भाग हाताला लागतात. नग उलटा करून तळ पाहा: वर्षानुवर्षं मेजावर सरकून पडलेले ओरखडे आडवेतिडवे असतात, मुद्दाम पाडलेले एकाच दिशेचे.

टिचकी मारून नाद ऐकण्याची हौस प्रत्येकाला असते. इंग्लंडमधल्या जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट या काच बनवणाऱ्याने १६७४ मध्ये शिसे घातलेल्या काचेचं पेटंट घेतलं. तिचा नाद लांबतो हे खरं, पण बोहेमियाची शिसं नसलेली पातळ काचही छान वाजते, आणि जाड वाटी बिलोरी असूनही ठक्क करते. त्यापेक्षा घरचा वजनकाटा बरा. आधी नग कोरडा तोला, मग दोऱ्याला टांगून पाण्यात पूर्ण बुडवून तोला आणि वजन किती घटलं ते पाहा. त्या घटीने कोरड्या वजनाला भागलं की घनता मिळते. साध्या काचेची २.५ च्या आसपास येते, चोवीस टक्के शिशाच्या काचेची साधारण २.९. अशा भांड्यात लिंबाचं लोणचं किंवा सरबत साठवू नका. आंबटात शिसं उतरतं.

किंमत वयावर ठरते हा सगळ्यांत मोठा गैरसमज. शंभर वर्षांचा टवका उडालेला पेला पन्नास वर्षांच्या अखंड जोडीपुढे फिका पडतो. काठ घासून टवका लपवलेला असेल तर नक्षी काठाशी अर्धवट तुटते. आतून धुरकट झालेला डिकँटर व्हिनेगरने साफ झाला तर ठीक. काच खाल्ली गेली असेल तर किंमत घसरलीच. जुन्या डिकँटरच्या बुचावर आणि तोंडावर कधीकधी एकच आकडा कोरलेला असतो. तो जुळला तर बूच मूळचं. तळाशी आम्लाने उमटवलेली बारीक खूणही असू शकते, प्रकाशात तिरकं धरूनच दिसते. ‘चेकोस्लोव्हाकिया’ दिसलं तर नग १९१८ नंतरचा, कारण त्याआधी तो देशच नव्हता.

चोर बाजारातला व्यापारी देईल तो भाव, लिलावातला भाव आणि विम्याची किंमत या तीन वेगळ्या रकमा आहेत. सँडहर्स्ट रोडला उतरून एकाच दुकानात विकून मोकळं होणाऱ्याला पहिलीच मिळते. दोन-तीन दुकानं फिरावीत, आणि विकायचं आहे हे आधी बोलू नये.

अमेरिकेतल्या मुलाच्या बॅगेत आजीची वाटी घालण्याआधी मात्र थांबा. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. वाटी तेवढी जुनी नसेल, तर तसं प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावं लागतं.